‘इतकं सगळं देऊनही अशी काऊन वागून राहिली?’

सात वर्षांची एक मुलगी बालगृहातून प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे काही काळ सांभाळणाऱ्या एका घरी, राहायला येते. समजा, घर नागपुरातलं, मानेवाड्याकडचं. घरात नवरा-बायको (मुलीसाठी काका-काकू), त्यांचा नववीतला मुलगा आणि आजी. पहिल्याच संध्याकाळी पोरगी आजीच्या मांडीवर जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी काकूंना ‘आई’ म्हणायला लागते. शेजारच्या वहिनी आल्या की त्यांच्या गळ्यात पडते, दूधवाल्याचं बोट धरून फाटकापर्यंत जाते. सगळे खूश. ‘किती लाघवी आहे बाप्पा! कोणाकडेही जाते.’

अशा मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या कानाला हे ‘कोणाकडेही जाते’ खटकतं. सात वर्षांचं मूल नव्या घरात आलं की साधारणपणे बिचकतं, दाराआड उभं राहतं, ओळखीचा चेहरा शोधतं. कुणीतरी एक माणूस आपलं म्हणून मिळालेलं असलं, तरच परकं माणूस परकं वाटतं. ज्या मुलाला दर काही महिन्यांनी नवे हात मिळाले, ते एवढंच शिकलेलं असतं की समोर जे मोठं माणूस असेल त्याला खूश ठेवायचं, कारण जेवण तिथूनच येणार आहे.

दोन-तीन महिने गेले की चित्र पालटतं. तीच पोरगी चावते, खोटं बोलते, रात्री उठून स्वयंपाकघरात जाते, काकूंनी जवळ घेतलं की लाकडासारखी ताठ होते. आजी म्हणते, ‘पहिले किती चांगली होती! लाडानं बिघडवलं तुम्ही.’ खरं तर पहिले दिवस पाहुणपणाचे होते. पाहुणा यजमानाच्या घरी पसारा काढत नाही. इथे राहायला मिळेल अशी थोडी आशा वाटायला लागल्यावरच मूल आतलं बाहेर काढतं. कुटुंबं नेमकी याच टप्प्यावर हात टेकतात, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं.

फाइलीत जे लिहिलेलं नसतं

आधी थोडं कायद्याचं. दत्तक घेतलं की मूल कायद्याने तुमचं होतं. प्रतिपालकत्वात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, ते काही काळ तुमच्या घरी वाढतं आणि त्याच्याबद्दलचे मोठे निर्णय बाल कल्याण समितीकडे राहतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 44 व्या कलमात ही सोय आहे. समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. गृहपाहणी, कागदपत्रं, पुढची देखरेख हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून मुलासाठी महिन्याला 4000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. केंद्राने 2024 मध्ये काढलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही असं मूल सांभाळता येतं, आणि मूल दत्तक जाण्यास पात्र असेल तर दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

या योजनेत येणारी मुलं साधारणपणे सहा वर्षांपुढची असतात. म्हणजे ज्या वर्षांत माणसाच्या भीतीचा आणि भरवशाचा पाया घातला जातो, ती वर्षं दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली निघून गेलेली असतात. नागपूरकरांना यातला एक धागा ओळखीचा असेल. दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन मोठे रेल्वेमार्ग आपल्या स्टेशनवर एकमेकांना छेदतात. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून निघालेली किंवा सुटलेली मुलं इथे उतरतात, रेल्वे पोलिसांना सापडतात आणि समितीपुढे येतात. कुणी छत्तीसगढी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी काहीच बोलत नाही. फाइलीत लिहिलं जातं: ‘अंदाजे वय 5, वजन इतकं, उजव्या गुडघ्यावर जुना व्रण, पालकांचा शोध सुरू.’

त्या फाइलीत किती गोष्टी नसतात! पोटात असताना आईने काय सोसलं, ती दारू पीत होती का, बाप मारत होता का, बाळ पहिले दोन महिने काचेच्या पेटीत सुया टोचून घेत एकटं होतं का, रडल्यावर कुणी उचलत होतं की रडून रडून आपोआप गप्प व्हायचं. मार बसला तर वळ तरी दिसतो. कुणी उचललंच नाही, कुणी बोललंच नाही, याचा व्रण कुठल्याच डॉक्टरला दिसत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद तरी कोण करणार? म्हणून ‘तिच्या बाबतीत तसं काही झालेलं नाही, फाइल क्लीन आहे’ या वाक्यावर फार विसंबू नये. आम्हाला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आठवत नाही, तरीही

‘तेव्हा ती दीड वर्षाची होती, तिला काय आठवतंय?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि अर्धा बरोबर असतो. घटना सलग आठवून सांगता येण्यासाठी मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आणि सोबत भाषा तयार व्हावी लागते. दोन्ही हळूहळू पिकतात. तुम्हा-आम्हालाही तीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही. पण धोका ओळखून शरीराला कामाला लावणारा अमिग्डाला हा भाग त्याच्या बराच आधी कामाला लागलेला असतो. तो घटना साठवत नाही. वास, आवाज, उंचावलेला हात, बंद होणारं दार असे तुकडे साठवतो आणि त्यांच्यावर ‘धोका’ असा शिक्का मारतो.

तान्ह्या बाळाला भूक लागली किंवा भीती वाटली की अंगात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही रसायनं उसळतात. छाती धडधडते, अंग ताठ होतं, बाळ किंचाळतं. बाळाला स्वतःला शांत करता येत नाही, ते काम मोठ्या माणसाचं शरीर करतं. उचलून छातीशी धरलं, पाठीवर थोपटलं, ‘ओ ओ’ केलं की उसळी खाली येते. दिवसातून दहा-वीस वेळा, महिनोन्महिने हे घडतं आणि त्यातूनच मूल पुढे स्वतःला सावरायला शिकतं. हे घडलंच नाही तर उसळी येत राहते आणि उतरायची वाट तयारच होत नाही. शेवटी शरीर सदैव सावध राहायचं ठरवतं, नाहीतर सरळ बधिर होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. फरक एवढाच, की या मुलाला दूध कधी पोळलं होतं तेच आठवत नाही. त्यामुळे ‘तू ताक का फुंकतेस?’ असं विचारलं तर तिच्याकडे उत्तर नसतं. ती म्हणते, ‘माहीत नाही.’ आपल्याला वाटतं, उडवाउडवी करते आहे.

यावर झालेल्या अभ्यासांपैकी रोमानियातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. 1989 मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा त्या देशातल्या अनाथालयांत हजारो मुलं होती. अन्न-वस्त्र मिळत होतं, एका आयाकडे ढीगभर बाळं होती. 2000 साली बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी 6 ते 31 महिन्यांची 136 बालकं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षण दिलेल्या प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं, उरलेली होती तिथेच राहिली. उरलेल्यांना मुद्दाम वंचित ठेवलं का, असा प्रश्न मनात येतोच, आणि यावा. त्या वेळी बुखारेस्टमध्ये प्रतिपालक कुटुंबं जवळपास नव्हतीच, ती या अभ्यासासाठी उभी करावी लागली होती. घरांत गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, भावना या सगळ्यांत सुधारणा दिसली. माणसाशी घट्ट नातं जुळण्याच्या बाबतीत दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं पुढे होती.

याचा अर्थ सात वर्षांच्या मुलीची गाडी चुकली असा काढू नका. मेंदूचा पुढचा भाग, जो आवेग आवरतो आणि विचार करून वागायला लावतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. वेळ जास्त लागतो, आणि फळ मुलागणिक वेगळं येतं, इतकंच.

दुसरा अभ्यास 1998 चा, कॅलिफोर्नियातला. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणातल्या मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन अशा गोष्टींबद्दल विचारलं आणि मोठेपणीच्या आजारांशी त्यांचा संबंध ताडून पाहिला. प्रतिकूल अनुभव जितके जास्त, तितका हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका जास्त, असं निघालं. आता इंटरनेटवर त्याची दहा प्रश्नांची यादी फिरते आणि लोक मुलांना गुण देत बसतात. अँडा यांनी स्वतःच पुढे बजावलं, की हा आकडा लोकसंख्येसाठी आहे, एकेका माणसाचं भविष्य सांगण्यासाठी नाही. तुमच्या घरातल्या मुलीला कृपा करून असा नंबर देऊ नका.

डबी, कूलर आणि ते हसू

आता घरात काय दिसतं ते पाहू.

सगळ्यात आधी दिसतं ते अन्न. कंपास पेटीत अर्धी पोळी, उशीच्या खोळीत बिस्किटं, दप्तराच्या खालच्या कप्प्यात मुंग्या लागलेला लाडू. काकू म्हणतात, ‘अगं, मागितलं असतं तर दिलं नसतं का? चोरून काऊन?’ मागितल्यावर मिळतं हा तिचा अनुभवच नाही. यावर करायची गोष्ट साधी आहे आणि आजीला अजिबात पटत नाही: तिला तिची स्वतःची एक डबी द्यायची. झाकण सहज उघडणारी, तिच्या हाताला पोचेल अशा फळीवर. त्यात मुरमुरे, फुटाणे, फल्लीदाणे. ‘ही तुझी. रात्री भूक लागली तर उठून खायचं, विचारायचं नाही.’ पहिले काही दिवस डबी रोज रिकामी होईल, कधी दिवसातून दोनदा. भरायची. किती खाल्लं हे मोजायचं नाही, टोमणा मारायचा नाही. मग ती न खाता फक्त झाकण उघडून बघेल आणि परत लावेल. काही महिन्यांनी बघायचंही विसरेल. मध्येच शाळेत काही बिनसलं की डबी पुन्हा रिकामी व्हायला लागेल, तेव्हाही भरायची. जेवण हे बक्षीस किंवा शिक्षा म्हणून कधीच वापरायचं नाही. ‘अभ्यास झाला नाही तर जेवण नाही’ ही धमकी आपल्या घरांत गमतीतही दिली जाते, ती या घरात बंद.

दुसरं उदाहरण नागपूरच्या उन्हाळ्याचं. एप्रिलमध्ये माळ्यावरून कूलर उतरतो, नवा वाळा बसतो, आणि पारा पंचेचाळिशीकडे सरकायला लागतो. कूलर सुरू झाला आणि इतके महिने कोरडी उठणारी पोरगी अंथरूण ओलं करायला लागली. घरचे कारण शोधून थकतात. आवाज? ओल्या वाळ्याचा वास? की कूलरच्या घरघरीत बाकीच्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत नाही आणि आपण एकटे आहोत असं वाटतं? कदाचित कधीच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. दिवसा, खिडक्या उघड्या असताना, तिच्या हाताने कूलरचं बटण चालू-बंद करू द्यायचं. पाणी तिलाच भरायला लावायचं. रात्री दिवा मंद सुरू ठेवायचा, तिची गादी भिंतीकडे न लावता माणसांकडे लावायची. ओलं झालेलं अंथरूण चकार शब्द न काढता बदलायचं. शेजारणीला तर सांगायचंच नाही.

पोळ्याच्या पाडव्याचंही तसंच. काळी-पिवळी मारबत आणि बडगे यांचे मोठाले पुतळे, ढोल, गर्दी, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी, आणि शेवटी जाळणं. आपण लहानपणापासून खांद्यावर बसून बघितलंय, म्हणून ‘चल, मज्जा येते’ असं आपल्या तोंडून सहज निघतं. तिला त्याच दिवशी गल्लीतल्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन जाऊ द्या, तेवढं पहिल्या वर्षी पुष्कळ झालं.

आता ते हसू. काकू रागावतात, आवाज चढतो आणि पोरगी दात काढून हसते. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना यापेक्षा जास्त चीड कशाचीच येत नाही. ‘वरून हसते? लाज नाही वाटत?’ पण भीतीची रूपं चार: भांडणं, पळणं, थिजणं, आणि समोरच्याला खूश करणं. हसू बहुतेक वेळा या चौथ्यातलं असतं. तिचे खांदे बघा, वर चढलेले असतात. हात बघा, मुठी वळलेल्या असतात. आवाज खाली आणा, दोन पावलं मागे सरका, जमलं तर खाली बसा. जे बोलायचं ते अर्ध्या तासाने बोला. भीती शिगेला असताना शिकवलेलं काही डोक्यात शिरत नाही.

खोटं बोलण्याचं तेच. दूध सांडलंय, तिच्या हाताला दूध लागलंय, आणि ती म्हणते, ‘मी नाही सांडलं.’ वकिलासारखं कोंडीत पकडून काही साधत नाही. ‘कोणी सांडलं’ हा प्रश्नच विचारू नका, उत्तर तर तुम्हाला दिसतंय. ‘दूध सांडलंय, ते फडकं आण, दोघी मिळून पुसू.’ पुसून झालं की विषय संपला. शंभर वेळा असं झाल्यावर कधीतरी ती स्वतःहून म्हणेल, ‘काकू, माझ्या हातून सांडलं.’

आणि एक मूल असं असतं ज्याच्याबद्दल कुणीच तक्रार करत नाही. जेवतं, अभ्यास करतं, उलट बोलत नाही, ताप आला तरी सांगत नाही, पडलं तरी रडत नाही. ‘हिचा काही त्रास नाही बघा.’ माझ्या मते जास्त काळजी याच मुलाची करावी. रडून उपयोग नाही हे ते फार लवकर शिकलेलं असतं. अशा मुलाने एक दिवस खरचटलेला गुडघा दाखवायला आणला, भाजी नको म्हणून ताट सरकवलं, किंवा पाहुण्यांकडे न जाता तुमच्या पदराआड लपलं, तर घरच्यांना ते बिघडल्यासारखं वाटेल. ती प्रगती आहे.

प्रेमाचा मारा नको

मायेने भुकेल्या मुलाला भरभरून माया द्यावी असं कुणालाही वाटेल. अडचण अशी, की जवळीक हीच तिच्या लेखी धोक्याची जागा असू शकते. ज्या माणसाने जवळ घेतलं त्यानेच मारलं, किंवा ज्याच्यावर जीव लावला तो निघून गेला. म्हणून पापे, मिठ्या, ‘आमची लाडाची लेक’ यांचा वर्षाव झाला की ती आणखी आक्रसते किंवा नेमका त्याच दिवशी तमाशा करते. वाढदिवस बिघडतात ते यामुळे.

तिला जास्त झेपतं ते रोजचं, ठरावीक, थोडंसं कंटाळवाणं. सकाळी ठरल्या वेळी उठवणं, तेच वाक्य, तोच ग्लास. केसांना तेल लावून वेणी घालणं फार कामाचं आहे. स्पर्श होतो, पण कामापुरता, मागून होतो, डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि वेणी झाली की संपतो. हिवाळ्यात तुरीचे सोले काढत शेजारी-शेजारी बसा. हात गुंतलेले आणि नजर शेंगेवर असली की मुलं अचानक काहीतरी बोलून जातात. तेव्हा मान वर करून ‘काय? कधी? कोणी?’ असं सुरू करू नका. ‘हं’ म्हणा, पुढची शेंग घ्या. नंतर तारीख टाकून लिहून ठेवा. बोललेलं गंभीर असेल, कुणी वाईट स्पर्श केला असं काही असेल, तर ते तिच्याच शब्दांत लिहून लगेच बाल संरक्षण कक्षाला कळवायला हवं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधी देऊन बसू नका.

कुठे निघालात तर किती वाजता परत येणार ते सांगा आणि त्याच्या आधी या. उशीर झाला तर फोन करा. चुकल्यावर तिला खोलीत एकटं बसवण्यापेक्षा स्वतःजवळ बसवा. तुमचा आवाज चढला, तर शांत झाल्यावर जाऊन ‘मी जोरात ओरडले, तू घाबरलीस, पुढच्या वेळी मी आधी बाजूला जाईन’ इतकं म्हणा. मोठं माणूस भांडणानंतर परत येतं, हे बहुतेक तिने कधी पाहिलेलंच नसतं. यात शिस्त सुटते असं समजू नका. मारायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, दहाला टीव्ही बंद, हे नियम पक्के. नियम थोडे असावेत आणि ते रोज तेच असावेत.

एक वाक्य मात्र घरातून हद्दपार करावं: ‘असं वागलीस तर परत पाठवून देऊ.’ त्याची सौम्य भावंडंही. आपल्याकडे सख्ख्या पोरांनाही ‘तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतलंय’, ‘भंगारवाल्याला देऊन टाकू’ असं चिडवतात आणि पोरं हसतात, कारण ती धमकी खोटी आहे हे त्यांना ठाऊक असतं. हिच्या बाबतीत ती धमकी एकदा खरी झालेली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मामा-काकांनाही हे आधीच सांगून ठेवा.

नातेवाइकांचं आणखी एक. ‘कोणाचं आहे? कोणत्या जातीचं? गुण तर रक्तातच असतात ना!’ हे लग्नाच्या पंगतीत मुलीसमोर बोललं जातं. तिथल्या तिथे, आवाज न चढवता, तोडायचं: ‘आमच्याकडे राहते, आमची आहे, आणि हा विषय इथे नको.’ तिची कहाणी तिची आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांत उघड होऊ नये अशी तरतूद कायद्यातच आहे, तेव्हा व्हॉट्सअॅप स्टेटसवर ‘आमच्या घरी आलेली परी’ हेही नको.

शाळा, आणि भेटीचा दिवस

शिक्षकांना गरज सांगा, गोष्ट सांगू नका. ‘तिला मागून अचानक हाक मारू नका, दाराकडे तोंड करून बसवा, गोंधळली तर पाणी प्यायला पाठवा’ एवढं पुरतं. ‘माझे बालपण’ हा निबंध आणि ‘तान्हेपणीचा फोटो आणा’ हा प्रकल्प आला की आधी कळवा, असंही सांगून ठेवा. तिच्याकडे तो फोटो नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे, हे गरज पडली तर आठवण करून द्यायला हरकत नाही.

तिचे आई-वडील हयात असतील तर समितीच्या परवानगीने ते भेटायला येऊ शकतात, भेट मुलाच्या हिताची नसेल तर समिती नकार देते. भेटीनंतर दोन-तीन दिवस घर डोक्यावर घेतलं जातं. त्यावरून लगेच ‘भेटी बंद करा’ असं ठरवू नये. आपण काकूंकडे खुश राहिलो तर आईशी बेइमानी होते, असं पोरांना मनोमन वाटतं. आईबद्दल तुमच्या तोंडून वाईट शब्द गेला तर तो मुलीला स्वतःबद्दलचा वाटतो. घरातल्या नववीतल्या मुलाकडेही या सगळ्यात लक्ष हवं. त्याची वस्तू तुटते, त्याची आई वाटली जाते, आणि त्याला ‘तू मोठा आहेस ना’ ऐकावं लागतं. आठवड्यातून एकदा त्याला एकट्याला घेऊन बाहेर पडा.

तुमचंही. रात्र-रात्र जागलेलं माणूस शांत आवाज कुठून काढणार? समिती किंवा तिचे लोक दर महिन्याला पाहणीला येतात तेव्हा ‘सगळं छान’ म्हणून चहा पाजून पाठवू नका. अडचण सांगितली म्हणजे नापास झालो असं नाही.

डॉक्टरकडे जाताना

प्रत्येक गोष्टीला आघाताचं, म्हणजे लहानपणी मनावर बसलेल्या धक्क्याचं, लेबल लावू नका. आधी कान, डोळे, रक्तातलं लोह, जंत, थायरॉइड तपासून घ्या. टक लावून बघत राहणं ही भीतीने थिजणं असू शकतं, तशी फिट्सचीही खूण असू शकते. एका जागी न बसणं एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असू शकतं, सततची सावधगिरी असू शकते, दोन्ही एकत्रही असू शकतात. शाळा-अंगणवाड्यांत फिरणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पुढच्या तपासणीला पाठवू शकतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत. फोनवर बोलायचं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 14416, आणि मूल धोक्यात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

मुलाला जबरदस्तीने दाबून धरून ‘राग बाहेर काढायचा’ उपचार कुणी सुचवला तर उठून या. 2000 साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये दहा वर्षांची एक मुलगी अशाच एका सत्रात गुदमरून गेली. आपल्याकडे ‘हिच्या अंगात काहीतरी आहे’ म्हणून बाबाकडे नेणारे भेटतात. महाराष्ट्रात 2013 पासून त्याविरुद्ध कायदा आहे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर गुन्हा दाखल होतो.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे मिनिटं मोजकी असतात आणि मूल त्यांच्यासमोर अगदी शहाण्यासारखं बसतं. म्हणून एक वही न्या. ‘फार त्रास देते’ असं लिहू नका. काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, किती वेळ टिकलं, कशाने शांत झाली, हे लिहा: ‘मंगळवार, रात्री सव्वानऊ. मिक्सर लावला. कानावर हात ठेवून पलंगाखाली गेली. साधारण वीस मिनिटं. मिक्सर बंद करून मी जमिनीवर बसले, हाक मारली नाही. स्वतः बाहेर आली, पाणी मागितलं.’ अशा पाच-सहा नोंदी, झोपेच्या वेळा, खाणं, शाळेचं पत्र आणि बालगृहाची फाइल. औषध लिहून दिलं तर ते नेमकं कशासाठी, किती दिवस आणि बंद कसं करायचं ते तिथेच विचारा, आणि समुपदेशन किंवा खेळातून उपचार मिळतील का, तेही. एकट्या गोळीने हा प्रश्न सुटत नाही. हे बोलणं मुलीसमोर नको. तेवढा वेळ तिला ओळखीच्या माणसाबरोबर बाहेर बसवा, आणि ‘मी या दाराच्या आत आहे, दहा मिनिटांत येते’ हे सांगूनच आत जा.